युरोपातील राइस प्लेट

युरोपच्या प्रवासाचा खर्च मांडताना विमानाचे तिकीट, व्हिसा आणि राहण्याची जागा या रकमा निघण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात. प्रवास सुरू झाल्यावर ज्या खर्चावर प्रवाशाचा हात उरतो तो मुख्यतः जेवणाचा, आणि नेमक्या त्याच बाबतीत महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी दोन टोकांना जातो. एक तर तो सहल कंपनीने ठरवून दिलेल्या भारतीय उपाहारगृहात रोज रात्री पनीर आणि पिवळी डाळ जेवतो, नाही तर बॅगेतल्या ठेपल्यांवर आणि ते संपले की सुपरमार्केटातल्या सँडविचवर दिवस काढतो. ‘तिथल्या हॉटेलात जेवणे परवडत नाही’ हे वाक्य दोन्ही गटांत सारखेच ऐकू येते. संध्याकाळपुरते ते बरेचसे खरे आहे. दुपारपुरते नाही, कारण लिस्बनपासून वॉर्सापर्यंत बहुतेक देशांत कामकरी माणसाच्या दुपारच्या जेवणाची स्वतंत्र व्यवस्था, स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र दर आहे. मुंबई-पुण्यात ज्याला ‘राइस प्लेट’ म्हणतात तिच्याशी या व्यवस्थेचे नाते जवळचे आहे: पदार्थ हॉटेलवाल्याने ठरवायचे, दर फळ्यावर लिहायचा, गिऱ्हाईक रोजचे, आणि वेळ टळली की ताट संपले.

या दराचे गणित एकदा समजले की अनोळखी शहरातही जेवणाची जागा आपली आपण शोधता येते. जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार आणि शेगडीचा खर्च हे सारे दिवसभराचे असते. संध्याकाळी येणारे गिऱ्हाईक सावकाश जेवते, यादीतून पदार्थ निवडते आणि तो त्याच्यापुरता त्याच वेळी करावा लागतो. दुपारी मात्र मंडईत जे स्वस्त मिळाले त्यातून दोन-तीन पदार्थ मोठ्या पातेल्यांत आधीच तयार असतात, कचेऱ्यांतली आणि बांधकामावरची माणसे ठरलेल्या वेळी येतात, पाऊण तासात उठतात आणि एकाच टेबलावर दोन-तीन पंगती होतात. ताटामागे नफा थोडा, पण ताटे पुष्कळ, असा हा व्यवहार आहे. त्याला अनेक देशांत भोजन-कूपनांचे पाठबळ मिळाले. फ्रान्समध्ये ‘तित्र-रेस्तोराँ’ या नावाने १९६७ पासून कायद्याने मान्य असलेल्या कूपनाच्या रकमेतील निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक वाटा मालक भरतो, उरलेला कामगाराच्या पगारातून कापला जातो आणि सरकार त्यावर करात सवलत देते. म्हणजे दुपारच्या ताटाला एक प्रकारे हमीचे गिऱ्हाईक मिळते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ज्या ‘सोडेक्सो’च्या कूपनांवर एका पिढीने दुपारची जेवणे आणि महिन्याचा किराणाही भागवला, ती कंपनी मूळची फ्रेंच, १९६६ साली मार्सेय शहरात सुरू झालेली. साध्याशा हॉटेलच्या दारावरच्या काचेवर अशा कूपनांची चिन्हे चिकटवलेली दिसली, तर आत शेजारपाजारच्या कचेऱ्यांतली माणसे जेवतात असे समजायला हरकत नाही.

दुपारच्या जेवणाची सर्वांत सुटसुटीत घडण स्पेनमध्ये पाहायला मिळते, आणि गंमत अशी की तिचा उगम पर्यटकांसाठी काढलेल्या एका सरकारी हुकमात आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, १९६०च्या दशकात, स्पेनच्या किनाऱ्यांवर उत्तर युरोपातून प्रवाशांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा माहिती आणि पर्यटन खात्याचे मंत्री मान्युएल फ्रागा यांच्या कारकिर्दीत उपाहारगृहांची काट्यांच्या संख्येवरून प्रतवारी करण्यात आली (हॉटेलांना तारे, तसे उपाहारगृहांना जेवणाचे काटे) आणि प्रत्येकाने ठरावीक दराचे ‘मेनू तुरिस्तिको’, म्हणजे पर्यटक-भोजन, ठेवलेच पाहिजे असा नियम झाला. १९६५च्या आदेशात त्या भोजनात काय असावे हेही सांगितले होते: सुरुवातीचा पदार्थ, मग मांस, मासा किंवा अंडी, शेवटी गोड, सोबत पाव आणि वाईन. पर्यटकाला परवडावे आणि त्याची लूट होऊ नये, हा हेतू. प्रत्यक्षात या ताटावर हक्क सांगितला तो स्पेनमधल्याच कारकुनांनी, गवंड्यांनी आणि ट्रकचालकांनी. पर्यटक हा शब्द नावातून गळून गेला, ‘मेनू देल दीया’ म्हणजे ‘आजचे भोजन’ हे नाव रूढ झाले आणि सरकारी सक्ती गेल्यावरही ताट टिकले. खात्यांच्या आदेशांतून जेवणाची इतकी टिकाऊ रीत निर्माण झाल्याची उदाहरणे जगात फार नसावीत.

आज माद्रिद, सेविल किंवा सारागोसा अशा शहरांत मुख्य चौकापासून दोन गल्ल्या आत गेले की हे भोजन साधारण १२ ते १६ युरोंना मिळते. एका युरोचे ढोबळमानाने शंभर रुपये धरले, तर बाराशे ते सोळाशे रुपये. रक्कम ऐकून मराठी माणूस हात आखडता घेईल, पण तिच्यात काय येते ते पाहावे. दारापाशीच्या फळ्यावर खडूने दोन रकाने लिहिलेले असतात, ‘प्रिमेरो’ आणि ‘सेगुंदो’, म्हणजे पहिला आणि दुसरा पदार्थ. पहिल्या रकान्यात मसुरीचे दाट कालवण, उन्हाळ्यात टोमॅटोचे थंडगार गास्पाचो, एखादी भाजी किंवा मॅकरोनी. दुसऱ्यात तळलेला मासा, भाजलेली कोंबडी, डुकराच्या मांसाचा तुकडा. दोन्हींतून एकेक निवडायचा, आणि दोन्ही पुरत्या जेवणाच्या मापाचे असतात. पाव, एक पेय आणि शेवटचे गोड किंवा कॉफी त्याच दरात. पेय म्हणून वाईन सांगितली तर काही जुन्या जागी अजूनही पेलाभर न देता बाटलीच टेबलावर ठेवतात. गोडांच्या यादीत ‘आरोस कोन लेचे’ दिसले तर ते जरूर मागवावे: ती तांदळाची खीर असते, वेलदोड्याच्या जागी दालचिनी आणि लिंबाची साल घातलेली, थंड करून वाडग्यात वाढलेली. माद्रिदमध्ये गुरुवारी या फळ्यावर पाएया हा केशरी भाताचा प्रकार लिहिण्याची जुनी चाल आहे, आणि ती का पडली याच्या कथा प्रत्येक हॉटेलवाल्याकडे वेगळ्या मिळतात.

अडचण वेळेची आहे. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दीडला सुरू होते, गर्दी अडीचला होते आणि चारच्या सुमारास स्वयंपाकघर थंड होते. रात्री साडेआठ-नवाच्या आधी कोणी जेवायला बसत नाही. याला थोडे कारण घड्याळाचेच आहे, कारण १९४० साली स्पेनने आपले घड्याळ एक तास पुढे करून मध्य युरोपशी जुळवले आणि ते तसेच राहिले, त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने स्पॅनिश माणूस दिसतो तितका उशिरा जेवत नाही. साडेबाराला भूक लागलेला आणि दारे बंद पाहून चौकातल्या छायाचित्रांच्या मेनूकडे वळलेला प्रवासी तिथे दुप्पट पैसे देऊन गोठवलेला पाएया खातो, आणि घरी येऊन स्पेनमध्ये जेवण वाईट मिळते असे सांगतो. अशा मेनूवर सहा भाषा असतात आणि दारात बोलावणारा माणूस उभा असतो; रोजचे गिऱ्हाईक असलेल्या हॉटेलला या दोन्हींची गरज पडत नाही.

फ्रान्समध्ये या व्यवस्थेमागे अधिक जुना इतिहास आहे. ‘रेस्तोराँ’ हा शब्दच मुळात खाण्याच्या जागेचा नव्हता. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या मांसाच्या सत्त्वयुक्त कढणाला तो लावत, आणि कढण विकणाऱ्या दुकानांवरून तो भोजनगृहाला चिकटला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बातिस्त-अदोल्फ द्युव्हाल या खाटकाने शहराच्या घाऊक मंडईतील हमालांसाठी मांस आणि त्याचे गरम कढण स्वस्तात विकणारी भोजनगृहे काढली. कढणाला फ्रेंचमध्ये ‘बुयाँ’ म्हणतात, त्यामुळे या भोजनगृहांनाही तेच नाव पडले. गिरणगावातल्या खानावळींना जे स्थान मुंबईत होते, त्याच्या जवळपासचे स्थान पॅरिसच्या कष्टकऱ्यांत बुयाँला होते, फरक इतकाच की खानावळ ही बाईच्या घरगुती स्वयंपाकघरातून उभी राहिली आणि बुयाँ ही सुरुवातीपासून भांडवलाने चालवलेली साखळी होती.

त्या परंपरेतील ‘बुयाँ शार्तिए’ हे १८९६ साली उघडलेले भोजनगृह पॅरिसच्या फोबूर्ग मोंमार्त्र रस्त्यावर अजून चालू आहे. उंच छताचे दालन, पितळी रॅक, काळा अंगरखा आणि पांढरा लांब एप्रन घातलेले वेटर, आणि भिंतीला क्रमांक घातलेले लहान लहान लाकडी खण, ज्यांत एके काळी रोजची गिऱ्हाइके आपापला कापडी रुमाल ठेवून जात. आलेल्या माणसाला अनोळखी माणसाच्या टेबलावरच बसवतात. आपल्याकडच्या इराण्याच्या हॉटेलात याचे कोणाला काही वाटत नसे, पण पॅरिसमध्ये हे विरळा. टेबलावर कागद अंथरलेला असतो, मागवलेला पदार्थ वेटर त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहितो आणि शेवटी तिथेच बेरीज करून दाखवतो. उकडलेले अंडे आणि मेयोनीज दोन-तीन युरोंत, मुख्य पदार्थ बहुधा १० ते १५ युरोंत. जेवण थोर नसते, हेही सांगितले पाहिजे; वाईनमध्ये शिजवलेले गोमांस किंवा कोंबडी बरी असते, भाज्या अनेकदा प्रमाणापेक्षा अधिक शिजलेल्या. पण दुपार आणि रात्र यांच्या दरम्यान स्वयंपाकघर बंद न करणाऱ्या थोड्या जागांपैकी ही एक असल्याने वेळ चुकलेल्या प्रवाशाला तिचा आधार होतो. २०१७पासून पिगाल आणि रेपुब्लिक या भागांत नवे बुयाँ निघाले आणि दारापुढच्या रांगा पाहता स्वस्त फ्रेंच जेवणाची भूक पॅरिसकरांनाही तितकीच आहे.

इतर साध्या फ्रेंच भोजनगृहांत दुपारी बारा ते दोन एवढाच अवकाश असतो आणि फळ्यावरचे शब्द नीट वाचावे लागतात. ‘मेनू’ या शब्दाने इतरत्र पदार्थांची यादी समजली जाते. फ्रान्समध्ये यादीला ‘कार्त’ म्हणतात आणि ‘मेनू’ म्हणजे एका दरात बांधलेले पूर्ण भोजन. ‘फॉर्म्यूल’ हे त्याचे लहान रूप, पहिला व मुख्य किंवा मुख्य व गोड अशा दोन पदार्थांचे, आणि ‘प्ला द्यु जूर’ म्हणजे त्या दिवशीचा एकच पदार्थ. ‘आंत्रे’ म्हणजे मुख्य नव्हे, सुरुवातीचा पदार्थ. दर बाहेर लावणे हॉटेलवर बंधनकारक आहे, सेवेचा आकार त्या दरातच धरलेला असतो, आणि जेवणासोबत पाव व नळाचे पाणी फुकट मिळते. मात्र नुसते ‘पाणी’ म्हटले तर बाटली येण्याचा संभव असतो. ‘काराफ द’ओ’, म्हणजे पाण्याची सुरई, असे म्हणावे. चार माणसांच्या कुटुंबाचे एवढ्या दोन शब्दांवर रोज पंधरा-वीस युरो सहज वाचतात.

पोलंडमधील गोष्ट बाजाराची नसून सरकारी मदतीची आहे. ‘बार म्लेच्नी’, शब्दशः ‘दुधाचा बार’, या नावाची पहिली जागा १८९६ साली वॉर्सात निघाली. दूध, अंडी, पीठ आणि भाज्या यांचे मांसविरहित स्वस्त पदार्थ ही तिची ओळख होती. पहिल्या महायुद्धानंतर आणि मंदीच्या काळात अशा जागा वाढल्या, साम्यवादी राजवटीत त्या सरकारने चालवल्या आणि कारखान्यांत खानावळ नसलेल्या लाखो लोकांचे दुपारचे जेवण झाल्या. त्या काळाची टंचाई किती होती याचे विडंबन स्तानिस्वाव बारेया या दिग्दर्शकाच्या ‘मीश’ या चित्रपटात आहे, ज्यात भांडी टेबलाला स्क्रूने जखडलेली आणि चमचे साखळीने बांधलेले दाखवले आहेत. पोलिश माणसे त्या प्रसंगाला अजून हसतात. १९८९ नंतर बाजाराची अर्थव्यवस्था आली, बहुतेक बार बंद पडले, आणि जे उरले त्यांना काही पदार्थांवर सरकारी अनुदान आजही मिळते. महाराष्ट्रात १९९५ नंतर एक रुपयाची झुणका-भाकर आली आणि २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी. सत्ता बदलली की अशा योजनांचे काय होते हे येथील वाचकाला माहीत आहे. पोलिश बार मात्र साम्राज्य, प्रजासत्ताक, पक्षाची राजवट आणि मुक्त बाजार एवढे सगळे पाहून उभे आहेत.

आत जाण्याची रीत साधी आहे. भिंतीवर पदार्थांची लांबलचक यादी, दर ग्रोशापर्यंत मोजलेले (शंभर ग्रोशांचा एक झ्लॉटी), गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची, आपले ताट आपण उचलायचे आणि जेवून झाल्यावर उष्टी भांडी दुसऱ्या खिडकीत ठेवायची. खिडकीतल्या बाई हसतीलच असे नाही. रांगेत निवृत्त शिक्षिका, विद्यार्थी, रस्त्याचे काम करणारे आणि कोट घातलेले वकीलही असतात. ‘पिएरोगी रुस्किए’ हा येथील हुकमी पदार्थ: करंजीच्या आकाराचे, मैद्याच्या पातळ पारीत बटाटा, पनीरसारखे दह्याचे चीज आणि परतलेला कांदा भरून पाण्यात उकळलेले. ‘रुस्किए’ म्हणजे रशियन असे वाटते, पण त्या नावाचा संबंध आज मुख्यतः युक्रेनमध्ये असलेल्या रुथेनिया या जुन्या प्रांताशी आहे; २०२२ च्या युद्धानंतर काही भोजनगृहांनी पाटीवरचे नाव बदलून ‘युक्रेनी’ केले. शाकाहारी माणसाने मागवताना ‘बेझ स्क्वारकूफ’ असे सांगावे, नाही तर वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरून येतात. सोबत बिटाचे आंबटगोड सार आणि फळे उकळून केलेले ‘कोंपोत’ हे पेय घेतले, तरी पोटभर जेवण पश्चिम युरोपातल्या निम्म्या खर्चात होते. हंगेरीतल्या ‘एत्केज्दे’ नावाच्या लहान खानावळींत ‘फोझेलेक’ मिळते, आणि ते मराठी माणसाला पहिल्या घासातच ओळखीचे वाटते, कारण वाटाणा, पालक, दुधी किंवा मसूर यांना पीठ लावून दाट केलेली ती पातळ भाजीच आहे, फक्त फोडणीऐवजी आंबट साय घातलेली.

शाकाहाराचा प्रश्न मराठी प्रवाशाच्या दृष्टीने दरापेक्षाही मोठा असतो आणि त्याचे उत्तर देशागणिक बदलते. स्पेनमध्ये ‘मांस नको’ म्हटल्यावर हॅमचे तुकडे पेरलेली भाजी येऊ शकते, कारण तिथल्या बोलीत मांस म्हणजे मांसाचा तुकडा. हॅम ही चवीपुरती गोष्ट. ‘मिश्र’ कोशिंबिरीवर ट्यूना मासा बहुधा असतोच. याउलट ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या उपवासांनी शाकाहारी पदार्थांची मोठी परंपरा सांभाळली आहे. बुधवार, शुक्रवार, ईस्टरपूर्वीचे सात आठवडे, नाताळपूर्वीचे चाळीस दिवस असे सगळे मोजले तर धार्मिक पंचांगाप्रमाणे वर्षातील जवळजवळ निम्मे दिवस मांस, अंडी आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य ठरतात. सगळे ते पाळत नाहीत, पण स्वयंपाकघराला ते पदार्थ पाठ आहेत. ‘लादेरा’, म्हणजे तेलातल्या भाज्या, या वर्गात फरसबी, भेंडी, वांगी, बटाटे हे सारे टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवलेले असते. ‘मायिरिओ’ या प्रकारच्या दुपारच्या भोजनगृहात हे पदार्थ सकाळीच करून मोठ्या पसरट ताटांत मांडलेले असतात आणि गिऱ्हाइकाने काचेपाशी जाऊन बोटाने दाखवावे अशीच रीत आहे, त्यामुळे भाषेवाचून अडत नाही. उपवासाच्या पदार्थाला ‘निस्तिसिमो’ म्हणतात, आणि हा शब्द उपयोगी असला तरी अर्धवट आहे: ज्यांत रक्त नाही असे मानतात ते कोळंबी, माकूळ, अष्टपाद इत्यादी जीव ग्रीक उपवासाला चालतात. तेव्हा शब्द उच्चारल्यावरही ताटात काय आहे ते पाहावेच.

पोर्तुगालच्या फळ्यावर मराठी वाचकाला एक वेगळाच अनुभव येतो. ‘काल्दू व्हेर्द’ हे तिथले घरोघरचे सूप पोर्तुगीज ‘बताता’ आणि ‘कोव्ह’ यांचे असते आणि ‘पाँव’बरोबर खातात. बटाटा, कोबी आणि पाव हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठीत इतके मुरले की आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. सूपवर ‘शोरीसू’ सॉसेजची चकती टाकतात, आणि तोही शब्द गोव्यात चोरीस म्हणून नांदतो. लिस्बन आणि पोर्तूच्या ‘ताश्का’, म्हणजे कुटुंबाने चालवलेल्या लहानशा हॉटेलांत, ‘प्रातु दु दिया’ हे दुपारचे ताट बहुधा १० युरोंच्या आसपास मिळते. यादीवर दोन दर दिसले तर एक ‘दोझ’चा आणि दुसरा ‘मैया दोझ’चा, म्हणजे अर्ध्या वाढपाचा असतो, आणि पूर्ण वाढप बहुतेक वेळा दोघांना पुरते. बसल्याबसल्या वेटर पाव, ऑलिव्ह आणि चीज न मागता आणून ठेवतो. ते फुकट नसते. पण न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत असा तिथला कायदा आहे, तेव्हा नको असल्यास हात न लावता परत करावे. यात कोणाला अपमान वाटत नाही.

इटलीत मात्र न खाल्लेल्या गोष्टीचे पैसे द्यावे लागतात. ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचा माणशी आकार, साधारण एक ते तीन युरो, यादीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला; रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे २००६च्या कायद्याने तो बंद झाला, तर अनेक ठिकाणी तो पावाच्या दराच्या नावाने परत आला. दुपारी कचेरीच्या वस्तीत ‘प्रांझो दी लाव्होरो’, म्हणजे कामाच्या दिवसाचे भोजन, अशी पाटी पाहावी, किंवा ‘ताव्होला काल्दा’ या तयार गरम पदार्थांच्या दुकानात जावे, किंवा तुकड्याने विकला जाणारा पिझ्झा वजनावर घ्यावा. दर ‘एत्तो’चा म्हणजे शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो, किलोचा समजून फसू नये. कॉफी बारपाशी उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो, टेबलावर बसून तीच तिप्पटही होते, आणि इटालियन माणूस ती उभ्यानेच पितो. पाण्याची बाटली मात्र जेवताना विकतच घ्यावी लागते, जरी त्याच रोममध्ये रस्तोरस्ती सुमारे अडीच हजार नळ पिण्याचे थंड पाणी अखंड वाहवत असतात.

उत्तरेकडच्या महागड्या देशांत दुपारचा नियम आणखी काटेकोर आहे. स्वीडनमध्ये ‘डागेन्स’ आणि फिनलंडमध्ये ‘लोउनास’ या नावाने मिळणाऱ्या भोजनात कोशिंबीर, पाव आणि कॉफी धरलेली असते, रात्रीच्या एका पदार्थाला लागतात त्याच्या जवळपास निम्म्या पैशांत सगळे होते, पण फिनलंडमध्ये ते साडेदहाला सुरू होऊन एक-दीडला आटोपते. प्राग आणि व्हिएन्नातही बेत असाच, अकरा ते दोन, सूप आणि एक मुख्य पदार्थ.

ठेपल्यांची बॅग घेऊन निघालेल्यांसाठीही युरोपात एक सन्मानाची जागा आहे, आणि ती जर्मनीतील बायर्न (बव्हेरिया) प्रांतात आहे. म्युनिकच्या बिअर बनवणाऱ्यांनी आपल्या तळघरांवर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली आणि त्याखाली बाके टाकून बिअर विकायला सुरुवात केली, तेव्हा शहरातल्या हॉटेलवाल्यांचे गिऱ्हाईक तुटले. भांडण राजापर्यंत गेले आणि १८१२ साली राजा मॅक्सिमिलियान पहिला याने बिअर विकावी, पण पावाखेरीज खाणे विकू नये, असा तोडगा काढला. लोक घरून डबे आणू लागले. खाणे विकण्याची बंदी पुढे उठली, पण डबा आणण्याचा हक्क राहिला आणि आजही पारंपरिक बिअरबागेत ज्या टेबलांवर कापड अंथरलेले नाही तिथे बसून घरचे खाणे उघडपणे खाता येते. फक्त पेय तिथलेच घ्यायचे, आणि ते बिअरच पाहिजे असे नाही, सोडा घातलेला सफरचंदाचा रसही चालतो.

मराठी कुटुंबाच्या दिनक्रमात यासाठी एकच बदल करावा लागतो, आणि तोच कठीण जातो: दुपारी सटरफटर खाऊन संध्याकाळी शांतपणे जेवायचे ही सुट्टीतली सवय उलटी करावी लागते. दुपारी पोटभर स्थानिक भोजन आणि रात्री मंडईतली फळे, पाव, चीज, दही एवढ्यावर भागवले, तर दक्षिण किंवा पूर्व युरोपात माणशी वीस-पंचवीस युरोंत दिवस निघतो. म्हणून सहलीचे वेळापत्रक आखताना प्रेक्षणीय स्थळे भरण्याआधी प्रत्येक दिवशी दुपारचे दोन तास मोकळे सोडावेत, स्पेनमध्ये दीडनंतरचे, इतरत्र बाराचे. संग्रहालये बहुतेक शहरांत पाच-सहापर्यंत उघडी असतात; स्वयंपाकघर दोनला बंद होते.